मासे किती? बादली उचलणारीला विचारा!

‘‘अगं, एवढी मोठी टाकी आणि मासे फक्त तीन?’’ आमच्याकडे पहिल्यांदा येणारी प्रत्येक व्यक्ती हा प्रश्न विचारतेच. हळदीकुंकवाला आलेल्या बायका तर हमखास. कुणी हळूच विचारतं, ‘‘बाकीचे मेले का?’’ मग सांगावं लागतं, की बाई गं, टाकी भरलेली आहे, आता जागा नाही!

आमची टाकी समुद्राच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याची. हा छंद मूळचा माझ्या धाकट्या दिरांचा. सहा वर्षांपूर्वी त्यांची बदली झाली आणि टाकी माझ्या ताब्यात आली. मी बी.ए.ला मराठी घेतलेली बाई, रसायनशास्त्राशी दहावीनंतर संबंध नाही. पण जाण्यापूर्वी दिरांनी समोर बसवून सगळं समजावलं आणि ते मला स्वयंपाकघराच्या हिशोबाने बरोबर कळलं.

आज हे लिहायला कारण घडलं ते आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीच्या घरी. गेल्या वर्षी मुलीच्या वाढदिवसाला तिच्याकडे अशीच टाकी आली. अडीच फुटी. घरातले पुरुष आणि मुलगी शहरात जाऊन मासे घेऊन आले, एकूण अकरा. ‘आरामात राहतील,’ असं दुकानदाराने सांगितलं होतं. मे महिन्यात एका रात्री वीज गेली ती पाच तास आलीच नाही. पंप बंद. सकाळी नऊ मासे पाण्यावर तरंगत होते. मुलगी रडून रडून बेजार. आणि घरातला पहिला प्रश्न काय? ‘‘पाणी वेळेवर बदललं नव्हतंस का?’’

दर रविवारी बादल्या उचलणारी तीच. मासे किती आणायचे हे मात्र तिला न विचारता दुकानात ठरलं होतं. बोल ऐकायची वेळ आली तेव्हा सगळ्यांना ती आठवली!

मैत्रिणींनो, म्हणून हा आकड्याचा हिशोब आपण समजून घ्यायला हवा. टाकीत मासे किती मावतात हा प्रश्नच चुकीचा आहे. एसटीतही माणसं मावतातच की! प्रश्न आहे, त्या पाण्याला किती मासे झेपतात?

मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया तयार होतो. उरलेलं अन्न कुजलं की आणखी अमोनिया. माशांसाठी हे विषच. समुद्र अफाट असल्यामुळे तिथे ते विरून जातं. आपल्या टाकीत ते काम करतात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. टाकीतले दगड, वाळू आणि फिल्टरच्या स्पंजवर त्यांचं बिऱ्हाड असतं. एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. हे नायट्रेट मग आपण पाणी बदलून बाहेर काढायचं. दह्याला विरजण लागायला जसा वेळ लागतो, तसा या जिवाणूंची फौज तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी रिकामी ठेवायची. आज टाकी आणली आणि आजच मासे सोडले, असं खाऱ्या पाण्यात चालत नाही.

फौज तयार झाली तरी ती असते आहे तेवढ्याच माशांपुरती. एकदम सहा मासे वाढले, तर घरात अचानक वऱ्हाड येऊन टेकल्यासारखी गत होते. म्हणून एक मासा सोडला की दोन-तीन आठवडे थांबायचं. बाजारात पाणी तपासायचं किट मिळतं. चार थेंब टाकून रंग जुळवून पाहायचा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसले तरच पुढचा मासा.

गोड्या पाण्यापेक्षा इथे हात आखडता का घ्यायचा, याचीही कारणं आहेत. खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी विरघळतो. पाणी तापलं की तो आणखी कमी होतो. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा त्रेचाळीसवर जातो, आणि या माशांना हवं असतं पंचवीस ते सत्तावीस अंशांचं पाणी! शिवाय खारं पाणी अल्कधर्मी असल्यामुळे तेवढाच अमोनिया त्यात जास्त घातक ठरतो. मैत्रिणीकडे त्या रात्री हेच झालं असणार. पंप बंद, पाणी गरम आणि श्वास घेणारे अकरा जीव. मासे कमी असते, तर तोच प्राणवायू जास्त वेळ पुरला असता.

आता आकडा. टाकीची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि हजाराने भागा, लिटर मिळतील. आमची टाकी ९० बाय ४५ बाय ४५, म्हणजे १८२ लिटर. पण दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी उरतं दीडशे लिटर. खाऱ्या पाण्यासाठी छंदी लोकांचा ढोबळ नियम असा, की माशाच्या एक इंच लांबीला साधारण वीस लिटर पाणी. दीडशे भागिले वीस, साडेसात इंच. क्लाऊन फिशची जोडी, मादी तीन इंच आणि नर दोन इंच, झाले पाच. एक फायरफिश तीन इंचांचा. झालं की गणित पुरं! चांगला फिल्टर आणि अनुभवी हात असला तर एखादा छोटा मासा जास्त चालतो, पण सुरुवात याच हिशोबाने करावी.

एक गोष्ट मात्र गाठ मारून ठेवा. लांबी धरायची ती मासा मोठा झाल्यावरची. २००३ साली ‘फाइंडिंग निमो’ चित्रपट आला आणि मुलांना घरात निमो आणि डोरी दोघंही हवे झाले. निमो लहानच राहतो. पण दुकानात दोन इंचांची दिसणारी निळी डोरी वाढून फूटभर होते. तिला पोहायला मैदान लागतं, आपली तीन फुटी टाकी म्हणजे तिला कोंडवाडाच.

मग स्वभाव. स्वस्तात मिळणारे निळे डॅमसेल दिसायला गोजिरवाणे, पण महाभांडखोर. एक कोपरा बळकावून बसतात आणि बाकीच्यांना जगू देत नाहीत. क्लाऊन फिशची तर गंमतच! हे सगळे जन्मतः नर. त्यातला सर्वांत मोठा मादी होतो आणि घरात राज्य तिचंच. ती गेली, तर तिचा जोडीदार नर मादी होतो. म्हणून जोडीच ठेवावी, लहान टाकीत तिसरा आणला की बिचारा मार खातो.

काहीजणी विचारतात, ‘‘वास्तूसाठी नऊ मासे हवेत ना, आठ सोनेरी आणि एक काळा?’’ सोनेरी मासे हे गोड्या पाण्यातले, खाऱ्या पाण्यात ते जगणारच नाहीत. आणि जीव गुदमरवून घरात सुख येईल, असं मला तरी वाटत नाही.

खरेदी करतानाही भान हवं. समुद्री घोडे आणि प्रवाळ यांना वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे. कुणी गुपचूप देतो म्हणालं तरी घेऊ नका. क्लाऊन फिश घेताना हॅचरीत वाढवलेला आहे का, ते विचारा. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने आपल्याकडे त्याची पैदास यशस्वी केलेली आहे, त्यामुळे समुद्रातून ओरबाडून आणायची गरज नाही. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावरच्या बायकांनी तर शोभेच्या समुद्री कोळंबीचं संगोपन शिकून घेतलं आहे. वाचून मला फार बरं वाटलं!

शेवटी कष्टाचा हिशोब. दर पंधरवड्याला किमान दहा टक्के पाणी बदलायचं. आमच्याकडे पंधरा लिटर. लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम म्हणजे अर्धा किलो समुद्री मीठ, तेही टाकीसाठी मिळतं तेच, स्वयंपाकाचं नव्हे. पाणी उडून पातळी खाली गेली, तर भर घालायची ती गोड्या पाण्याची, कारण पाणी उडतं, मीठ मागे राहतं. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी हवा. माशांची संख्या दुप्पट केली की घाण दुप्पट, मीठ दुप्पट, बादल्या दुप्पट.

माझी मैत्रीण आता त्याच टाकीत उरलेले दोन मासे छान सांभाळते आहे. परवा घरात पुन्हा खरेदीचा विषय निघाला, तेव्हा तिने सरळ सांगितलं, ‘‘पाणी कोण बदलणार ते आधी ठरवा, मग आकडा बोला.’’ सगळे गप्प! मैत्रिणींनो, हे वाक्य फक्त माशांपुरतं ठेवू नका बरं का. घरात जे काही नवं येणार आहे, ते ज्याच्या हातांनी निभावणार, त्याचं मत आधी घ्यायला हवं.