आधी चासी, मग इंजिन

जुनी बोलेरो पिकअप किंवा छोटा हत्ती बघायला गेलेला माणूस बहुधा आधी बोनेट उघडतो, आवाज ऐकतो आणि मीटरचा आकडा वाचतो. हा क्रमच चुकीचा आहे. दमलेलं इंजिन पैसे मोजून पुन्हा बांधता येतं. तडकलेली चासी आणि अडकलेले कागद यांवर मात्र कुठल्याही गॅरेजमध्ये खात्रीचा इलाज नाही.

म्हणून आधी गाडीखाली शिरावं. ‘नवा रंग, म्हणजे सांभाळलेली गाडी’ हा समज तिथेच गळून पडतो. वरच्या पत्र्याला रंग असायला हरकत नाही, पण चासीवर ताजा काळा थर दिसला तर तो कशावर चढवलाय हे बघायला हवं. मागच्या पाट्यांचे ब्रॅकेट चासीला जिथे जोडलेले असतात, तिथे टॉर्च मारून वेल्डिंगची शिवण, बाहेरून जोडलेली पट्टी किंवा केसाएवढी चीर शोधावी. किनाऱ्यावर मासळी वाहिलेल्या गाडीत बर्फाचं खारं पाणी हौद्यातून गळून चासीवर पडत राहतं. अशा गाडीची चासी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून पाहावी. पापुद्रा सुटला किंवा टोक आत गेलं, तर पुढची बोलणी तिथेच थांबवलेली बरी.

‘जादा पाटे टाकलेत, गाडी दमदार आहे,’ असं विकणारा कौतुकाने सांगतो. खरं तर ही ओव्हरलोडची खूण आहे. पाटे वाढवल्याने गाडी मागे बसत नाही एवढंच. ब्रेक, ॲक्सल आणि चासी यांची ताकद कंपनीने दिली तेवढीच राहते. कागदावर दीड टनाची असलेली गाडी रोज अडीच टन वाहत असेल, तर त्याची किंमत पुढचा मालक मोजतो.

मीटरवर फार विसंबू नये. आकडा मागे घेता येतो, झिजलेलं रबर मागे घेता येत नाही. साठ हजार किलोमीटर सांगणाऱ्या गाडीच्या क्लच पेडलचं रबर गुळगुळीत असेल आणि स्टेअरिंग चकाकत असेल, तर सर्व्हिसच्या नोंदी मागाव्यात.

आता इंजिन. डिपस्टिकवर काळं ऑइल दिसलं की अनेक जण मान हलवतात. डिझेल इंजिनात काजळी ऑइलमध्ये मिसळते, त्यामुळे नवं ऑइलही थोड्याच दिवसांत काळं पडतं. घाबरायचं ते ऑइल दुधाळ दिसलं तर, कारण त्यात पाणी मिसळलेलं असतं आणि बऱ्याचदा हेड गॅस्केट गेलेलं असतं. धुराचंही तसंच. काळा धूर चोंदलेल्या एअर फिल्टरचा किंवा इंजेक्टरचा असू शकतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, आणि ते दुखणं जास्त खर्चिक.

‘एका सेल्फमध्ये चालू होते’ याला अर्थ आहे तो इंजिन थंड असतानाच. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगावं, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. आणि पोचल्यावर आधी बोनेटला हात लावून बघावा. चालू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण काढावं. तिथून जोराने धूर उसळला, तर मिस्त्रीच्या भाषेत इंजिन बॅक कंप्रेशन मारतंय. रिकाम्या गाडीची ट्रायल पुरेशी नसते. हौद्यात माल भरून चढावर न्यावी. रेस वाढतेय आणि गाडी ओढत नाही, असं झालं तर क्लच घसरतोय.

एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झाल्यावर बहुतेक नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ आला. तो काढून टाकला की ‘कटकट मिटते’, असं सांगणारे भेटतात. तो काढणं बेकायदा आहे, आणि अशी गाडी घेणाऱ्याला फिटनेसच्या वेळी त्रास होऊ शकतो.

‘दहा वर्षांची डिझेल गाडी बाद’ हेही सर्रास ऐकू येतं. हरित न्यायाधिकरणाचा 2015 चा तो आदेश दिल्ली परिसरापुरता होता. महाराष्ट्रात माल वाहणारी गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करावं लागतं. दिल्लीकडची स्वस्त गाडी आणायची असेल, तर तिथल्या आरटीओची फॉर्म 28 वरची एनओसी आधी हातात हवी.

राहिला स्टॅम्प पेपर. नोटरी केली म्हणजे गाडी नावावर झाली, हा सगळ्यात महागडा गैरसमज. त्यासाठी फॉर्म 29 आणि 30 लागतात; कर्जाचा बोजा असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी आणि फॉर्म 35. चासी नंबर स्वतः कागदाशी ताडून पाहावा, थकलेली ई-चलनं ऑनलाइन तपासावीत. आरसीवर ज्याचं नाव तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केलं. त्यामुळे नाव बदलण्याची घाई विकणाऱ्यालाही असायला हवी. घेणाऱ्याने 14 दिवसांत विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज द्यावा, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम कंपनी नाकारू शकते.