दाबाला लगाम

१९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबाइल जेटफायर ही टर्बो इंजिनाची मोटार विक्रीला आली. कॉम्प्रेशन रेशो आधीच १०.२५, त्यावर टर्बोचा दाब. पेट्रोल अवेळी पेट घेऊ नये म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडावे लागे. ती टाकी भरत राहणे अनेक मालकांना जमले नाही आणि दोन हंगामांत गाडी बंद झाली. १९७३ मध्ये बीएमडब्ल्यूची २००२ टर्बो आली. ताकद १७० अश्वशक्ती, पण ती उशिरा यायची आणि एकदम यायची. त्यातच तेलसंकट कोसळले आणि जेमतेम १,६७२ गाड्या बनल्या. टर्बो रोजच्या गाडीला झेपणार नाही, असे लोकांना वाटले तर नवल नव्हते.

हे मत बदलले स्वीडनमधल्या साब या मोटार कंपनीने. १९७७ ते १९८६ ही तिची दहा वर्षे जुन्या इंजिनावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावीत अशी आहेत.

साबला जास्त ताकद हवी होती, पण नवे मोठे इंजिन घडवण्याइतका पैसा नव्हता. हाताशी होते दोन लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन. त्याचा मूळ आराखडा ब्रिटनमधल्या ट्रायम्फशी जोडलेला. सोबतीला स्कॅनियाचा अनुभव होता. १९६९ मध्ये साबमध्ये विलीन झालेली ही कंपनी १९५०च्या दशकापासून ट्रकच्या डिझेल इंजिनांना टर्बो बसवत होती.

१९७७ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात साब ९९ टर्बो लोकांपुढे आली. टर्बोविना हेच इंजिन ११८ अश्वशक्ती देई, टर्बोसह १४५. वाढ माफकच, आणि तीही विचारपूर्वक ठेवलेली. टर्बो लहान निवडला, म्हणजे तो कमी आरपीएमलाच फिरू लागे आणि सर्वाधिक टॉर्क ३,००० आरपीएमलाच मिळे. शहरातल्या चालकाला हवा असतो तो हाच पिकअप. दाब सुमारे ०.७ बारवर गेला की वेस्टगेट ही झडप उघडून जास्तीचा धूर टर्बाइनला वळसा घालून बाहेर जाई. कॉम्प्रेशन रेशो ७.२ पर्यंत उतरवला. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या पोटात सोडियम भरले, म्हणजे उष्णता लवकर वाहून जाई.

फ्युएल इंजेक्शनचे मोल इथे कळते. बॉशच्या के-जेट्रॉनिकमध्ये आत येणारी हवा एक तबकडी उचलते, आणि ती जितकी उचलली जाईल तितके पेट्रोल सुटते. साबने ही तबकडी टर्बोच्या आधी ठेवली. टर्बोने जास्त हवा ओढली की पेट्रोलही आपोआप वाढे. दाब वाढला आणि पेट्रोल कमी पडले, तर तापमान चढून पिस्टन वितळतो. टर्बो बसवलेली अनेक इंजिने गेली ती अशीच.

पण पेट्रोल सगळीकडे सारख्या प्रतीचे मिळत नाही, आणि हलके पेट्रोल अवेळी पेटले की इंजिनात ठोक, म्हणजे नॉकिंग, सुरू होते. आपला जुना मेकॅनिक स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनला टेकवून मूठ कानाला लावतो आणि आतली ठोक ऐकतो. साबचे अभियंते पेर यिलब्रांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंजिनाला असाच एक कायमचा कान दिला. १९८२ च्या सुमारास साबच्या गाड्यांत एपीसी ही यंत्रणा आली. ब्लॉकवरचा सेन्सर नॉकिंगची कंपने पकडी, आणि लगेच वेस्टगेट उघडून दाब उतरवला जाई. हलके पेट्रोल भरले तर ताकद थोडी घटे, इंजिन मात्र शाबूत राही. या भरवशावर कॉम्प्रेशन रेशो ८.५ पर्यंत वाढवता आला. पुढे सोळा व्हॉल्व्ह आणि इंटरकूलर आले. दाबलेली तापलेली हवा थंड होऊन आत जाऊ लागली आणि ताकद १७५ वर पोचली. इंजिन तेच, दोन लिटरचे.

टर्बोच्या टिकाऊपणाची परीक्षाही झाली. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या टॅलाडेगा ट्रॅकवर तीन साब ९००० टर्बो जवळपास वीस दिवस रात्रंदिवस धावल्या. प्रत्येकीने १,००,००० किलोमीटर कापले. सर्वांत वेगवान गाडीचा सरासरी वेग होता ताशी २१३ किलोमीटर.

आज जुन्या इंजेक्शनच्या गाडीला टर्बो बसवू पाहणाऱ्याला या दहा वर्षांतून कामाचा क्रम मिळतो. आधी इंजिनाचे कॉम्प्रेशन तपासा, चारही सिलिंडर सारखे आहेत ना ते पाहा. इंजेक्टर आणि पंप वाढीव पेट्रोल पुरवू शकतात याची खात्री करा. इंटरकूलर आणि नॉक सेन्सर यांत काटकसर नको. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते, तीही ऑइलच्या पातळ थरावर. म्हणून चांगले ऑइल घाला, आणि जोरात चालवून आल्यावर इंजिन मिनिटभर मोकळे चालू द्या. लगेच बंद केले तर बेअरिंगमधले ऑइल तिथेच जळून काजळी धरते. दाब वाढवायचा तो सर्वांत शेवटी, आणि इंजिन निमूटपणे सोसेल तेवढाच. साबने ११८ वरून १७५ वर जायला सात-आठ वर्षे घेतली. आपणही एखादा महिना घ्यायला हरकत नाही.