मांडीवरची जाळी

नव्या लॅपटॉपचं कौतुक अमरावतीतली पोरं रॅम आणि प्रोसेसरपासून सुरू करतात. ‘पातळ आहे, पण गेम खेळताना तापतो जी,’ हे शेवटी येतं. माझ्या ओपीडीत ते डागांमुळे आलं. अभियांत्रिकीचा विद्यार्थी, घर अकोल्याचं. डाव्या मांडीवर तपकिरी जाळीसारखी नक्षी. खाज नाही, दुखणं नाही. आईला गजकर्ण वाटलं, महिनाभर मलम चोळलं.

हा ‘एरिथिमा अ‍ॅब इग्ने’. साधारण ४३ ते ४७ अंशांची ऊब भाजत नाही, म्हणून कुणी लॅपटॉप हलवत नाही. रोज तासन्‌तास ती लागली, की त्वचेतल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्याप्रमाणे डाग उमटतात. पूर्वी शेगडीशी बसणाऱ्यांत हे दिसायचं. लॅपटॉपखाली उशी घेतली तर हवेची भोकंच बुजतात. त्यात मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ कडे. आतला पंखा गरमच हवा ओढणार.

मलम थांबवलं, लॅपटॉप टेबलावर ठेवायला सांगितला. डाग फिके व्हायला महिने लागतात, जुने कधी कायमचे राहतात. वर्षानुवर्षं शेक चालू राहिला तर क्वचित त्वचेचा कर्करोगही होतो. हे ऐकून आई घाबरली. मुलाने विचारलं, ‘सर, कूलिंग पॅड कोणतं घेऊ?’