मोबाईल अ‍ॅप बनवायचंय? नेटिव्ह, फ्लटर, हायब्रिड की वेब अ‍ॅप, हे असं ठरवा



"अ‍ॅप बनवायचंय, फ्लटर शिकू की कॉटलिन?" हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. विचारणारा कधी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी असतो, कधी क्लासवाला, कधी दुकानदार. मी उत्तर द्यायच्या आधी दोन प्रश्न उलट विचारतो. अ‍ॅप नेमकं काय करणार? आणि दोन वर्षांनी ते कोण सांभाळणार? बहुतेक वेळा इथेच समोरचा विचारात पडतो.

हे दोन प्रश्न टाळले की काय होतं? गरज एका साध्या वेब पेजची असते आणि पैसे दोन वेगवेगळ्या अ‍ॅप्सचे दिले जातात. किंवा उलट, स्वस्तात काहीतरी बनवून घेतलं जातं आणि नंतर कळतं की ते ब्लूटूथला जोडताच येत नाही. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पैसे तर जातातच, पण वेळ जातो तो परत मिळत नाही.

आज आपण अ‍ॅप बनवायचे चार रस्ते समजून घेऊ आणि त्यातला आपला कोणता हे कसं ठरवायचं ते पाहू. समजायला सोपं जावं म्हणून तीन उदाहरणं सोबत ठेवू:

- पुण्यातल्या एका काकूंची मेस. आजचा मेनू, कुणाचा खाडा आहे आणि महिन्याचा हिशोब, एवढंच हवंय.
- गावातलं दूध संकलन केंद्र. फॅटच्या मशीनचा आकडा थेट फोनमध्ये यायला हवा. नेट कधी असतं, कधी नसतं.
- स्पर्धा परीक्षेचा क्लास. सराव परीक्षा, निकाल, नोटिफिकेशन. मुलांकडे अँड्रॉइड आहे, काहींकडे आयफोनही आहे.

१. नेटिव्ह अ‍ॅप

नेटिव्ह म्हणजे त्या फोनच्या स्वतःच्या भाषेत लिहिलेलं अ‍ॅप. अँड्रॉइडसाठी कॉटलिन किंवा जावा, आयफोनसाठी स्विफ्ट. अ‍ॅपलने स्विफ्ट २०१४ मध्ये आणली. गुगलने कॉटलिनला अँड्रॉइडची अधिकृत भाषा म्हणून २०१७ मध्ये मान्यता दिली आणि २०१९ पासून तिला पहिली पसंती द्यायला सुरुवात केली.

फायदा सरळ आहे. कॅमेरा, ब्लूटूथ, सेन्सर, बॅकग्राउंडला चालणारं काम, सगळ्याला थेट हात घालता येतो. अँड्रॉइडमध्ये काही नवीन आलं की ते पहिल्या दिवसापासून वापरता येतं.

तोटाही तितकाच सरळ. अँड्रॉइडचं अ‍ॅप आयफोनवर चालत नाही. दोन्हीकडे हवं असेल तर दोनदा लिहा, दोनदा तपासा, दोनदा दुरुस्त करा. शिवाय आयफोनचं अ‍ॅप बनवायला लागणारं एक्सकोड फक्त मॅकवर चालतं.

२. क्रॉस-प्लॅटफॉर्म: फ्लटर आणि रिॲक्ट नेटिव्ह

इथे कोड एकदाच लिहायचा आणि दोन्ही फोनसाठी अ‍ॅप तयार करायचं. ही दोन नावं लोक एकाच दमात घेतात, पण दोघांची काम करायची पद्धत वेगळी आहे.

रिॲक्ट नेटिव्ह फेसबुकने २०१५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. तुम्ही जावास्क्रिप्ट लिहिता, पण स्क्रीनवर दिसणारं बटण त्या त्या फोनचं खरं बटण असतं. म्हणून अँड्रॉइडवर ते अँड्रॉइडसारखं दिसतं आणि आयफोनवर आयफोनसारखं.

फ्लटर गुगलचं. त्याची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली आणि त्यात डार्ट ही भाषा वापरतात. फ्लटर फोनकडून बटण मागून घेत नाही, स्क्रीनवरचं सगळं स्वतःच रंगवतं. त्यामुळे अ‍ॅप दोन्ही फोनवर जवळपास सारखं दिसतं. पण स्वतःचं इंजिन सोबत न्यायचं असल्याने छोटंसं अ‍ॅपही काही एमबींनी जड होतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. "एकदा लिहा, दोन्हीकडे चालवा" हे ऐकायला छान वाटतं, पण तपासणी दोन्हीकडे करावीच लागते. आणि फोनच्या एखाद्या खास सुविधेसाठी तयार प्लगइन मिळालं नाही, की थोडं कॉटलिन आणि थोडं स्विफ्ट लिहिणं आलंच.

३. हायब्रिड अ‍ॅप

हायब्रिड म्हणजे अ‍ॅपच्या वेष्टनात गुंडाळलेली वेबसाइट. आतमध्ये वेबव्ह्यू नावाचा छोटा ब्राउझर असतो आणि त्यात एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट चालतं. कॉर्डोव्हा आणि कपॅसिटर ही त्यातली ओळखीची साधनं.

वेबसाइट बनवता येणाऱ्याला हा रस्ता पटकन जमतो. फॉर्म, यादी, माहिती दाखवणं यासाठी ठीक आहे. लांबलचक स्क्रोल, जड ॲनिमेशन असेल तर स्वस्त फोनवर अडखळल्यासारखं वाटतं. आणि नुसती वेबसाइट गुंडाळून दिली तर स्टोअर ती नाकारू शकतं. अ‍ॅपलचा नियमच आहे की अ‍ॅपमध्ये वेबसाइटपेक्षा काहीतरी जास्त हवं.

४. पीडब्ल्यूए, म्हणजे प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅप

ही खरं तर वेबसाइटच असते, पण तिचा आयकॉन होम स्क्रीनवर ठेवता येतो, ती पूर्ण स्क्रीनवर उघडते आणि नेट गेल्यावरही काही प्रमाणात चालते. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: एचटीटीपीएस, अ‍ॅपचं नाव आणि आयकॉन सांगणारी मॅनिफेस्ट फाइल, आणि पानं फोनमध्ये साठवून ठेवणारा सर्व्हिस वर्कर.

कल्पना तशी जुनी आहे. २००७ मध्ये पहिला आयफोन आला तेव्हा अ‍ॅप स्टोअर नव्हतंच. अ‍ॅपलने डेव्हलपर्सना वेब अ‍ॅप बनवा असंच सांगितलं होतं. अ‍ॅप स्टोअर जुलै २००८ मध्ये सुरू झालं.

पीडब्ल्यूएचा मोठा फायदा म्हणजे लिंक पाठवली की काम झालं. डाउनलोड नाही, स्टोअरची परवानगी नाही, आणि दुरुस्ती केली की ती पुढच्या वेळी नेट असताना आपोआप सगळ्यांपर्यंत पोचते. आयफोनवर मात्र मर्यादा जास्त आहेत. वेब अ‍ॅपला नोटिफिकेशन पाठवायची सोय तिथे २०२३ मध्ये, आयओएस १६.४ पासून आली, आणि तीही वापरणाऱ्याने अ‍ॅप होम स्क्रीनवर टाकलं असेल तरच. ब्राउझरमधून ब्लूटूथ अँड्रॉइडच्या क्रोममध्ये चालतं, सफारीत चालत नाही.

मोठ्या कंपन्यांनी काय केलं?

"अमक्या कंपनीने तमकं वापरलं, म्हणून आपणही तेच वापरू" असं पुष्कळ जण म्हणतात. मग जरा पूर्ण गोष्ट बघू.

फेसबुकचं मोबाईल अ‍ॅप आधी मोठ्या प्रमाणात एचटीएमएल५ वर होतं. ते हळू चालायचं. २०१२ मध्ये त्यांनी आयफोनचं अ‍ॅप नेटिव्हमध्ये नव्याने लिहिलं आणि एचटीएमएल५ वर इतका भर देणं ही चूक होती, असं मार्क झुकरबर्ग यांनी त्याच वर्षी जाहीरपणे सांगितलं. पण गोष्ट इथे संपत नाही. तीनच वर्षांनी रिॲक्ट नेटिव्ह आणणारी कंपनी हीच!

एअरबीएनबीने २०१६ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह वापरायला घेतलं आणि २०१८ मध्ये ते सोडून नेटिव्हकडे परत जात असल्याचं जाहीर केलं. त्यांची मोठी नेटिव्ह अ‍ॅप्स आधीपासून होती आणि त्यात हा तिसरा प्रकार मिसळला. दोन प्लॅटफॉर्मचं एक होण्याऐवजी तीन सांभाळायची वेळ आली.

आपल्याकडचं उदाहरण मिंत्राचं. मे २०१५ मध्ये त्यांनी वेबसाइट बंद करून फक्त अ‍ॅप ठेवलं. २०१६ मध्ये वेबसाइट परत आणली. तिची मालक कंपनी फ्लिपकार्ट हिने २०१५ च्याच शेवटी फ्लिपकार्ट लाइट ही पीडब्ल्यूए काढली, कारण कमी स्टोरेजच्या फोनमध्ये प्रत्येक जण अ‍ॅप ठेवेलच असं नाही.

या तिघांपैकी कुणाचंही उत्तर उचलून आपल्याला लावता येणार नाही. प्रत्येकाची अडचण वेगळी होती. शिवाय त्यांच्याकडे सगळं पुन्हा लिहायला माणसं आणि पैसा होता. आपल्याकडे नसतो.

मग आपण कसं ठरवायचं? हे ५ प्रश्न विचारा

१. अ‍ॅप फोनच्या कुठल्या भागाला हात लावणार? नुसती माहिती दाखवायची की ब्लूटूथ, सतत लोकेशन, बॅकग्राउंड काम हवंय?

२. वापरणाऱ्यांकडे कोणते फोन आहेत? अंदाज बांधू नका, विचारून घ्या. मेसमधल्या ४० मुलांना विचारायला एक संध्याकाळ पुरते.

३. नेट नसताना काय व्हायला हवं? आधीची माहिती दिसली तरी चालेल, की नवीन नोंदही करता यायला हवी?

४. माणूस ते किती वेळा उघडणार? रोज दहा वेळा उघडायचं असेल तर अ‍ॅप. महिन्यातून एकदा उघडायचं असेल तर कुणी त्यासाठी जागा अडवून ठेवत नाही.

५. दोन वर्षांनी सांभाळणार कोण, आणि त्याला कोणती भाषा येते?

आता आपली तीन उदाहरणं या प्रश्नांवर घासून बघू.

काकूंची मेस: फोनच्या खास सुविधा लागत नाहीत. मेनू बघायचा आणि खाडा टाकायचा. इथे पीडब्ल्यूए पुरते. खरं सांगू का? सुरुवातीचे दोन महिने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि एक गुगल शीट चालवून बघा. त्यात काय अडतंय ते कळलं की मगच पैसे घाला.

दूध संकलन केंद्र: मशीनशी ब्लूटूथने बोलायचंय, नेट नसताना नोंद करायचीय, आणि अ‍ॅप वापरणार केंद्रावरचा एकच फोन, तो आपण ठरवू तो. मग आयफोनचा विचार कशाला? अँड्रॉइडवर कॉटलिनमध्ये नेटिव्ह बनवा. नोंद आधी फोनमध्येच साठवा आणि नेट आलं की सर्व्हरला पाठवा. इथे आकडा हरवला तर शेतकऱ्याचे पैसे हरवतात, म्हणून काटकसर करायची ती दुसरीकडे करा.

क्लास: दोन्ही प्रकारचे फोन, रोजचा वापर, वेळ लावून परीक्षा, नोटिफिकेशन. इथे फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह योग्य. टीमला जावास्क्रिप्ट येत असेल तर रिॲक्ट नेटिव्ह, सगळ्यांनाच नव्याने शिकायचं असेल तर फ्लटरही चांगलं. पण अ‍ॅपमधून सराव परीक्षा विकणार असाल तर स्टोअरच्या पेमेंटचे आणि कमिशनचे नियम आधी वाचा. ते डिजिटल वस्तूंना लागू होतात, डबा किंवा दुधासारख्या खऱ्या वस्तूंना नाही.

आणि गेम बनवायचा असेल तर या चारही रस्त्यांवर फार डोकं लावू नका. युनिटीसारखं गेम इंजिन घ्या.

हा खर्चही हिशोबात धरा

- गुगल प्लेच्या डेव्हलपर खात्याला एकदाच २५ डॉलर लागतात. अ‍ॅपलला दरवर्षी ९९ डॉलर.
- १३ नोव्हेंबर २०२३ नंतर गुगल प्लेवर वैयक्तिक खातं उघडलं असेल तर अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. आधी हा आकडा २० होता. मित्रांना तयार ठेवा!
- अ‍ॅप एकदा टाकलं की संपलं असं नसतं. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीशी जुळवून ते अपडेट करत राहावं लागतं. नाही केलं तर काही काळाने नव्या फोनवर नव्या लोकांना ते प्ले स्टोअरवर मिळेनासं होतं.

दुसऱ्याकडून अ‍ॅप बनवून घेताय?

मग हा भाग दोनदा वाचा. प्ले स्टोअरचं खातं तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर उघडा. डोमेन आणि सर्व्हरही तुमच्याच नावावर. पूर्ण सोर्स कोड दर हप्त्याच्या पेमेंटसोबत मागून घ्या, नुसती एपीके फाइल घेऊन गप्प बसू नका. एपीकेवरून अ‍ॅप चालतं, पण दुसऱ्या डेव्हलपरला ते नीट दुरुस्त करता येत नाही. खातं बनवणाऱ्याच्या नावावर असेल आणि उद्या त्याने फोन उचलला नाही, तर तुमचे वापरकर्ते, रेटिंग, रिव्ह्यू सगळं त्याच्याकडे. हे सगळं करारात लिहून घ्या, तोंडी नको.

आणि शिकायचं असेल तर?

विद्यार्थी मित्रांनो, एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टपासून सुरुवात करा. लॅपटॉप साधा असला तरी चालतो आणि केलेलं लगेच फोनवर दिसतं. त्यानंतर फ्लटर किंवा कॉटलिन यातलं एकच काहीतरी धरा आणि त्यात एक छोटं अ‍ॅप पूर्ण करा, अगदी प्ले स्टोअरवर जाईपर्यंत. अर्धवट पाच कोर्सपेक्षा घरातल्या कुणीतरी रोज वापरलेलं एक अ‍ॅप तुम्हाला जास्त शिकवून जाईल.

तर आता लॅपटॉप उघडायच्या आधी एक कागद घ्या आणि वरच्या पाच प्रश्नांची उत्तरं लिहा. पाचवं उत्तर कोरं राहिलं, तर भाषा निवडायची घाई करू नका. आधी ते भरा.