तगरीवरच्या मादीचा नर कोणता?

काशीमिऱ्याहून घोडबंदरकडे जाताना इमारती संपतात आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची झाडी सुरू होते. या भागातल्या तगरीच्या फुलावर कधी कधी पाकळीइतकीच पांढरी एक गाठ असते. तिला आठ पाय असतात. पुढच्या दोन जोड्या लांब, खेकड्यासारख्या बाजूला पसरलेल्या; पोट मागे रुंद होत गेलेलं, दोन्ही कोपऱ्यांना टोकं. जाळं नाही, धावपळ नाही. माशी टप्प्यात आली की झडप.

ही ‘थोमिसस’ वंशातली खेकडा कोळ्याची मादी. वंशाला हे नाव वालकनेर या फ्रेंच अभ्यासकाने १८०५ मध्ये दिलं. नाव जुनं, पण वंशातला गोंधळ अजून निस्तरतोच आहे.

रंगावर विसंबावं तर तीच मादी काही दिवसांत पांढरीची पिवळी होते. आकारावर जावं तर ती सेंटिमीटरभर आणि नर जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा, बहुधा गडद. दोघं वेगवेगळ्या झुडपांवर सापडले, तर नवरा-बायको म्हणून कोण ओळखणार? म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली मादीच्या पोटाखालची जननांगाची कठीण पट्टी आणि नराच्या तोंडाजवळच्या स्पर्शपादांची फुगीर टोकं तपासतात. जातीची खरी ओळख तिथे पटते.

भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुणे केंद्रात काम केलेल्या बी. के. टिकादर यांनी भारतात खेकडा कोळ्यांच्या कुळाच्या अभ्यासाचा पाया घातला. त्यांच्या ‘थोमिसस कात्रजघाटस’ (१९६३) या जातीच्या नावात पुण्याचा घाटच आहे. ‘थोमिसस शिवाजीएन्सिस’ १९६५ ची. भारतातल्या खेकडा कोळ्यांवरचा त्यांचा ग्रंथ १९८० मध्ये आला आणि आजही त्याच्याशिवाय पान हलत नाही. पण जुनी कित्येक वर्णनं एकाच लिंगाच्या नमुन्यांवर बेतलेली आहेत, आणि ती तपासणं हे नवी जात शोधण्याइतकं चमकदार काम नाही. तरी अशी तपासणी होते: याच कुळातल्या ‘झिस्टिकस’ वंशात टिकादरांनी ठेवलेल्या ‘मिन्युटस’ या जातीसाठी बेंजामिन आणि जलील या अभ्यासकांनी २०१० मध्ये ‘इंडोझिस्टिकस’ हा नवा वंशच मांडला.

नुसत्या दिसण्यावर जावं, तर याच कुळातला ‘अॅमिसिया’ हा वंश खेकड्यासारखा दिसतही नाही. पानं शिवून घरटं करणाऱ्या विणकर मुंगीची तो नक्कल करतो; पोटाच्या मागच्या टोकावरचे दोन काळे ठिपके मुंगीच्या डोळ्यांसारखे भासतात.

नर-मादीच्या जोड्या जुळवायला हौशी छायाचित्रकारांची खरी मदत होते ती थोमिससच्या बाबतीत. मोठ्या मादीच्या पाठीवर बसलेल्या इवल्याशा नराचा फोटो मिळाला, तर कोणाची जोडी कोणाशी, याचा निदान एक धागा हाती लागतो.