उद्याचा तारा, मागच्या रांगेत

‘इयरबुक’ म्हटलं की आपल्याकडे स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या हातातलं सामान्यज्ञानाचं जाडजूड पुस्तक आठवतं. मी जमवतो ती इयरबुकं वेगळी. अमेरिकेत शाळा-कॉलेजांतून दर वर्षी विद्यार्थीच एक पुस्तक काढतात. आपल्या कॉलेजच्या वार्षिक नियतकालिकाचं ते चुलत भावंड म्हणा ना. फरक इतकाच, की आपल्या अंकात कथा-कविता, प्राचार्यांचं मनोगत आणि शेवटी चार पानं फोटो. तिथे सगळा कारभार फोटोंचाच. जाड गुळगुळीत कागद, नक्षीदार पुठ्ठा, तीन-चारशे पानं. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांचे सुटे फोटो, मंडळांचे आणि संघांचे एकत्र फोटो, सामन्यांचे वृत्तांत. पुस्तक हातात पडलं की मुलं एकमेकांच्या प्रतींवर सह्या करतात, चार ओळी लिहितात आणि ते आयुष्यभर जपून ठेवतात.

आयुष्यभर म्हणजे खरोखरच आयुष्यभर. मालक गेल्यावर मुलं घर रिकामं करतात, तेव्हा ही पुस्तकं खोक्यांत भरून विक्रीला येतात. नोकरीच्या निमित्ताने मी लॉस एंजेलिसजवळ बरीच वर्षं राहिलो. शनिवारी सकाळी अशी खोकी उपसायची मला सवय लागली. आमच्या घरात त्याला ‘रद्दीची वारी’ असं नाव पडलं.

माणूस मोठा झाल्यावर त्याच्याविषयी जे लिहिलं जातं, ते लिहिणाऱ्याला पुढचं सगळं ठाऊक असतं. इयरबुकाचा संपादक म्हणजे वीस-एकवीस वर्षांचं पोर. त्याला काहीच ठाऊक नसतं. उद्याचा जगज्जेता त्याच्या लेखी संघातला एक गडी. म्हणूनच अशा पुस्तकात नेमकं कुठे बघायचं, हे कळणं हेच या छंदातलं खरं कसब आहे.

जॅकी रॉबिन्सनचंच घ्या. १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्सकडून तो मैदानात उतरला आणि बेसबॉलच्या मुख्य लीगमध्ये कित्येक दशकं कृष्णवर्णीयांना बंद असलेलं दार उघडलं. १९९७ साली त्याचा ४२ हा क्रमांक सगळ्याच संघांनी कायमचा राखून ठेवला. हा जॅकी १९३९ ते १९४१ या काळात लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, म्हणजे ‘यूसीएलए’त शिकत होता. तिथल्या इयरबुकाचं नाव ‘सदर्न कॅम्पस’. त्याची १९४० आणि १९४१ ची पुस्तकं संग्राहक शोधत असतात.

घाईतला ग्राहक पुस्तक हातात घेतो आणि थेट बेसबॉलचं पान काढतो. तिथे त्याच्या पदरी निराशा येण्याचा संभव अधिक. एक तर बेसबॉल हा वसंतातला खेळ. पुस्तक जूनच्या आत विद्यार्थ्यांच्या हाती द्यायचं, तर छपाईला आधीच जायला हवं. त्यामुळे अशा पुस्तकांत वसंतातले खेळ कसेबसे कोंबलेले असतात, नाहीतर पुढच्या वर्षाच्या पुस्तकात ढकललेले असतात. दुसरं कारण जास्त गमतीचं. बेसबॉल हा कॉलेजातल्या जॅकीचा सर्वांत कच्चा खेळ होता! शंभरातून तीस वेळा फटका साधणारा खेळाडू बेसबॉलमध्ये उत्तम समजला जातो. १९४० च्या मोसमात जॅकीची सरासरी होती .०९७, म्हणजे शंभरात दहासुद्धा नाही. १९४१ च्या बेसबॉल संघात तर तो नव्हताच. मोसम रंगात येण्याआधी, मार्चमध्येच त्याने कॉलेज सोडलं होतं.

त्याला बघायचं ते फुटबॉलच्या पानांवर, अर्थात अमेरिकी फुटबॉलच्या. जर्सी क्रमांक २८. १९३९ च्या त्या संघाने एकही सामना गमावला नाही. शेवटचा सामना गावातल्याच प्रतिस्पर्धी विद्यापीठाशी, एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर, ०-० असा बरोबरीत सुटला. मग बास्केटबॉलची पानं बघावीत; आपल्या विभागात दोन्ही वर्षं सर्वाधिक गुण त्याचेच होते. मग मैदानी स्पर्धा. १९४० साली लांब उडीत तो अमेरिकेतल्या कॉलेजांचा विजेता होता, २४ फूट सव्वादहा इंच. एकाच विद्यापीठात चार खेळांची मानचिन्हं मिळवणारा यूसीएलएचा तो पहिला खेळाडू.

पदवीधरांच्या पानांवर मात्र त्याला शोधू नये, कारण पदवी न घेताच तो गेला. कृष्णवर्णीय माणसाला शिक्षणाने नोकरी मिळेल यावर त्याचा विश्वास उरला नव्हता, आणि आईच्या संसाराला हातभार लावायचा होता. दाखला घरातच होता. थोरला भाऊ मॅक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये २०० मीटर शर्यतीत जेसी ओवेन्सच्या पाठोपाठ दुसरा आला होता. रौप्यपदक घेऊन परतलेल्या या माणसाला पॅसाडिना गावात रस्ते झाडण्याचं काम मिळालं.

मुरलेले संग्राहक आणखी एक पायरी मागे जातात. यूसीएलएच्या आधी जॅकी पॅसाडिना ज्युनियर कॉलेजात होता. तिथे ७ मे १९३८ रोजी सकाळी त्याने साडेपंचवीस फुटांवर लांब उडी मारून मॅकचाच विक्रम मोडला आणि त्याच दिवशी दुसऱ्या गावी जाऊन बेसबॉलचा सामना खेळला. त्या कॉलेजचं त्या काळातलं पुस्तक विकणाऱ्याला ओळखता येत नाही आणि घेणाऱ्याला येतं, अशा वेळी चेहरा निर्विकार ठेवणं फार अवघड असतं.

नावांचा घोळ हे दुसरं प्रकरण. करीम अब्दुल-जब्बार हा बास्केटबॉलपटू आपल्याकडेही अनेकांना माहीत आहे. व्यावसायिक लीगमधला सर्वाधिक गुणांचा विक्रम त्याने १९८४ साली आपल्या नावावर केला, तो २०२३ पर्यंत टिकला. पण यूसीएलएच्या पुस्तकाच्या नामसूचीत करीम शोधाल तर सापडणार नाही. हे नाव त्याने १९७१ साली घेतलं. कॉलेजात तो लू अल्सिंडॉर होता. शिवाय पहिल्या वर्षाच्या मुलांना तेव्हा मुख्य संघात घेत नसत, ते बंधन १९७२ साली उठलं. त्यामुळे १९६५-६६ च्या मोसमातला अल्सिंडॉर शोधायचा तो नवख्यांच्या संघात. त्या नवख्यांनी नोव्हेंबर १९६५ मध्ये यूसीएलएच्या मुख्य संघाला, म्हणजे त्या वेळच्या राष्ट्रीय विजेत्यांना, ७५-६० असं हरवलं. त्यांतले ३१ गुण एकट्या अल्सिंडॉरचे. मायकल जॉर्डनची नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातली पुस्तकं (नाव ‘याकेटी याक’, हसू नका) महाग असतात, पण त्यांत शोधण्याची मजा नाही. पहिल्याच वर्षी, १९८२ च्या अंतिम सामन्यात त्याने निर्णायक बास्केट केली होती. तारा तेव्हाच उगवलेला होता.

आता सह्यांविषयी. ताऱ्याची सही असलेलं पुस्तक म्हणजे घबाड, आणि जिथे घबाड तिथे लबाडी आलीच. एक सोपी परीक्षा सांगतो. अमेरिकेत बॉलपेन बाजारात आलं ऑक्टोबर १९४५ मध्ये. तेव्हा १९४० च्या पुस्तकावर बॉलपेनने केलेली ‘वर्गमित्राला सप्रेम’ अशी सही दिसली, तर पुस्तक अदबीने परत ठेवावं. ती फार तर नंतर कधी केलेली असेल. कॉलेजच्या दिवसांतली नाही. मी स्वतः ताऱ्याच्या सहीपेक्षा मूळ मालकाच्या मित्रांनी लिहिलेलं वाचतो. कोणी रसायनशास्त्राच्या वर्गातली फजिती लिहिलेली असते, कोणी उसने पैसे परत केल्याची ग्वाही दिलेली असते. टपाल तिकिटं जमवणाऱ्याला डाग खपत नाही. इथे कोरी करकरीत प्रत मला उलट गरीब वाटते.

ही पुस्तकं मी परत येताना पुण्याला आणली, तेव्हा पावसाळ्याची धास्ती होती. गुळगुळीत कागदावर चिनी मातीचा पातळ थर असतो. त्याला ओल लागून तो तसाच वाळला, की पानं एकमेकांना चिकटून वीट होते. मग ती सोडवताना छापलेला चेहराच निघून येतो. पुस्तक भिजलंच तर पानं वाळण्याआधी एकेक सोडवून मध्ये मेणकागदासारखा न चिकटणारा कागद घालावा. कागद वजनदार असल्यामुळे उभी ठेवलेली पुस्तकं पुठ्ठ्यातून सुटून खाली ओघळतात. ती आडवीच ठेवावीत. चिकटपट्टी कधीही लावू नये.

आणि कात्री तर मुळीच नको. ताऱ्याचं एवढं पान कापून, चौकटीत बसवून विकण्याचा धंदा जोरात चालतो. एका पुस्तकाचे पाच-सहा तुकडे करून जास्त पैसे मिळतात, हिशेब सरळ आहे. मला अशी पानं अनेकदा देऊ करण्यात आली. मी घेत नाही, आणि घेणाऱ्यांशी वादही घालतो.

कारण उरलेल्या पुस्तकात काय असतं ते बघा. जॅकीच्याच काळात यूसीएलएच्या धावपटूंमध्ये टॉम ब्रॅडली नावाचा एक मुलगा होता. १९४० साली कॉलेज सोडून तो पोलिसात गेला आणि १९७३ पासून सलग वीस वर्षं लॉस एंजेलिसचा महापौर राहिला. १९३९ च्या फुटबॉल संघातले जॅकीचे सोबती केनी वॉशिंग्टन आणि वूडी स्ट्रोड यांना व्यावसायिक लीगने वर्णामुळे कित्येक वर्षं बाहेर ठेवलं. १९४६ साली दार उघडलं तेव्हा ऐन उमेदीची वर्षं निघून गेली होती. स्ट्रोड पुढे चित्रपटांत गेला. ‘स्पार्टाकस’मध्ये तो दिसतो.

त्या वर्षांत याच विद्यापीठात जपानी वंशाची, पण अमेरिकेतच जन्मलेली मुलं-मुली शिकत होती. फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा हुकूम निघाला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यात कॉलेजची ही पोरंही होती, काहींची पदवी अगदी तोंडावर आलेली. कॅलिफोर्निया विद्यापीठाने अशा विद्यार्थ्यांना मानद पदव्या देण्याचा निर्णय घेतला तो २००९ साली. तोवर त्यांतले बरेच जण हयात नव्हते, आणि पदव्या घ्यायला त्यांची मुलं-नातवंडं आली. ती छावणीत गेली तेव्हा एकेकाला जेमतेम हातात मावेल एवढंच सामान नेता आलं होतं. इयरबुकासारखी वजनदार वस्तू बहुतेकांनी मागेच ठेवली असणार. म्हणून त्या वर्षांचं पुस्तक कुठे सापडलं, की जॅकीचं पान आहे का हे पाहून झाल्यावर मी मंडळांचे फोटो काढतो आणि खालची जपानी आडनावं पेन्सिलीने एका चिठ्ठीवर उतरवून ती चिठ्ठी त्याच पानात ठेवतो.