तळं कुणाचं आणि पब्लिक कोण

इंग्रजीतला ‘पब्लिक’ हा शब्द आपल्या शाळेत एका ओळीत शिकवून होतो. पब्लिक म्हणजे सार्वजनिक, की फळा पुसायला मोकळे. पोरगं मोठं झालं की पंचाईत सुरू होते. पब्लिक वर्क्स म्हणजे सार्वजनिक बांधकाम, इथवर ठीक. पण पब्लिक प्रॉसिक्यूटर हा सरकारी वकील, पब्लिक सर्व्हिस कमिशन हा लोकसेवा आयोग, आणि पब्लिक इंटरेस्ट लिटिगेशन ही जनहित याचिका. म्हणजे शब्द एक, आणि मराठीत तो कधी सरकारच्या घरी उतरतो, कधी लोकांच्या, तर कधी जनांच्या. इंग्रजांच्या घरीही तो धड वागत नाही. त्यांचं ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे जबर फी घेणारी खाजगी शाळा, आणि ‘पब्लिक हाउस’ म्हणजे दारूचा गुत्ता. त्याचंच आखूड रूप ‘पब’. शिकवणी घरी न घेता बाहेरच्या मुलांसाठी खुली असलेली म्हणून ती शाळा पब्लिक. दार उघडं, पण आत येण्याची ऐपत ज्याची त्याने आणायची.

या उघड्या दाराचा खरा धडा महाड-दासगावने गिरवला, आणि तो शब्दकोशातून नव्हे.

सावित्रीच्या खाडीवरचं दासगाव हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंदर होतं. मुंबईची बोट बाणकोटच्या खाडीत शिरून इथपर्यंत येई, पुढे पाचेक मैलांवर महाडची बाजारपेठ. पंचक्रोशीतले कित्येक महार पलटणीत नोकरी करून पेन्शनीवर घरी आलेले. सरकार, कायदा, अर्ज, पावती या गोष्टी त्यांनी छावणीत पाहिल्या होत्या. रामचंद्र बाबाजी मोरे यांचं बालपण याच परिसरातलं. जन्म १९०३ सालचा, लाडवलीचा, शाळा दासगावची. स्कॉलरशिप मिळवून पोरगा महाडच्या इंग्रजी शाळेत गेला, तर प्रवेश नाही. त्याने तक्रारीचं पत्र लिहिलं, ते वर्तमानपत्रात छापून आलं, आणि मग प्रवेश मिळाला. मात्र बसायचं इतरांपासून वेगळं. शाळा सर्वांसाठी आहे आणि शाळा तुझ्यासाठी आहे, ही दोन वेगळी वाक्यं असतात, हे अकरा-बारा वर्षांच्या वयात कळणं फार महागाचं शिक्षण. पुढे हेच मोरे महाडच्या परिषदेच्या मुख्य संघटकांपैकी एक झाले.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय. त्या इंग्रजी वाक्यात ‘पब्लिक’ एकदा पाणवठ्याला लागतो, एकदा पैशाला, एकदा शाळेला. पैशाला लागतो तेव्हा त्याचा अर्थ सरकारी तिजोरी. पाणवठ्याला लागतो तेव्हा अर्थ लोकांनी वापरायचा. पैसा सर्वांचा, म्हणून वापरही सर्वांचा, असा बोले यांचा साधा हिशेब. महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत हा ठराव मान्य करून चवदार तळं खुलं केलं. कागदावर. तळ्याभोवती सवर्णांची घरं. ठराव हातात घेऊन घागर भरायला जाणार कोण?

दासगावच्या क्रॉफर्ड तळ्यावर महाडच्या आधीच अस्पृश्यांनी पाणी पिऊन पाहिलं होतं. महाडकडे लोक वळले ते ही चव घेऊन. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, आणि दुसऱ्या दिवशी डॉ. आंबेडकर आणि परिषदेचे लोक तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. पुढची मारहाण आणि नंतर शेण-गोमूत्र घातलेल्या घागरी ओतून झालेली तळ्याची ‘शुद्धी’ सर्वांना ठाऊक आहे. कमी बोललं जातं ते नगरपालिकेबद्दल. तिने आपला ठराव मागे घेतला तो ४ ऑगस्ट १९२७ ला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. योगायोगच असावा, पण कुणी मुद्दाम निवडली असती तर याहून चोख तारीख सापडली नसती.

डिसेंबरात दुसरी परिषद ठरली. मंडपाला गावात कुणी जागा देईना. ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी, आपल्या मालकीची. सार्वजनिक तळ्याचा हक्क मागणारी सभा अशी खाजगी जमिनीवर भरली. धरमतरवरून मोटारने जायचं, तर मोटारवाल्यांनी आयत्या वेळी पाठ फिरवली तर काय, ही धास्ती. म्हणून बाबासाहेब २४ डिसेंबरला मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले आणि २५ ला दुपारी दासगावच्या धक्क्यावर उतरले. तिथे हजारोंचा जमाव होता, आणि कलेक्टरचा निरोप घेऊन पोलीस अधिकारीही. जमाव पायी महाडला निघाला. त्याच रात्री मनुस्मृती जळली, पण तळ्याचं पाणी पिणं राहिलं. कारण कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम.

ज्या दाव्यात हा हुकूम मिळाला तो वाचण्यासारखा आहे. १२ डिसेंबरला महाडच्या दिवाणी कोर्टात सवर्णांच्या वतीने तो दाखल झाला. म्हणणं असं की तळं सार्वजनिक नाहीच, ते आमच्या मालकीचं, आणि वापरण्याचा हक्क आमचाच. कालपर्यंत नगरपालिकेने सांभाळलेलं तळं रातोरात खाजगी झालं. मी या दाव्याला मूर्खपणा म्हणणार नाही. तो फार हुशार आहे. ‘तुम्ही पब्लिक नाही’ असं न्यायाधीशासमोर बोलणं अवघड, कारण १८६० च्या दंडसंहितेच्या बाराव्या कलमाने ‘पब्लिक’मध्ये जनतेचा कोणताही वर्ग, कोणताही समाज धरून ठेवला होता. तो फौजदारी कायदा, हा दावा दिवाणी, हे खरं. पण माणसांना पब्लिकमधून काढणं जड जातं तिथे तळंच पब्लिकमधून काढून घ्यावं, ही ती चाल.

चाल टिकली नाही. महाडच्या न्यायाधीशांनी ८ जून १९३१ ला दावा फेटाळला, ठाण्याच्या अपिलातही वादी हरले, आणि १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड यांनी शेवटचा शब्द उच्चारला. मालकीचा मुद्दा तोवर गळून पडला होता. उरली होती वहिवाट: अस्पृश्य इथे कधी पाणी भरत नव्हते, म्हणून त्यांना मनाई करण्याचा आमचा हक्क अनादी. चार-पाच एकरांचं तळं, भोवती नगरपालिकेचे रस्ते, पलीकडे घरं. कुणी आलं नाही एवढ्यावरून, येऊ नये असा फार जुना रिवाज होता हे सिद्ध होत नाही, असं कोर्टाने धरलं. मुसलमानांना तिथलं पाणी घ्यायला कुणाची ना नव्हती, ही गोष्टही वाद्यांना सोयीची नव्हतीच.

बोलण्यातली आपली ‘पब्लिक’ या सगळ्यापासून लांब गेली आहे. तिचं लिंग अजून ठरलेलं नाही. कुणी ‘पब्लिक जमली’ म्हणतं, कुणी ‘पब्लिक आलं’. पाकीटमाराला ‘पब्लिकचा मार’ बसतो, आणि निवडणूक आली की ‘पब्लिकला सगळं कळतं’. या प्रयोगांत एक गंमत आहे: बोलणारा स्वतः सहसा पब्लिकमध्ये नसतो. एसटीच्या दारात अडकलेला माणूसही ‘काय पब्लिक आहे!’ असं वैतागतो, जसा काही तो एकटाच प्रवासी. ‘सार्वजनिक’चा रोखही वेगळाच. जोतीराव फुल्यांच्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या १८९१ च्या पुस्तकाच्या नावात तो कुणालाही न वगळणारा आहे. नळावर, संडासावर, नोटीसबोर्डावर तो आला की वाचणाऱ्याला वाटतं, म्हणजे हे कुणाचंच नाही.

खटल्यातले एक प्रतिवादी, डॉ. आंबेडकर, पुढे संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. पंधराव्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात विहिरी आणि तलाव, स्नानाचे घाट, रस्ते, लोकांच्या राबत्याच्या जागा असे एकेक उल्लेख आहेत. त्या खुल्या असण्याची अट दुहेरी आहे: पूर्णतः किंवा अंशतः सरकारी पैशाने राखलेल्या असोत, किंवा सामान्य जनतेच्या वापरासाठी दिलेल्या असोत. म्हणजे पैसा सरकारी नाही, तळं खाजगी आहे, असं उद्या कुणी म्हणालंच, तरी ते लोकांच्या वापरासाठी दिलेलं आहे का, हा प्रश्न मागे उभाच राहतो. महाडच्या कोर्टात वाद्यांनी नेमकं पहिलं दार लावून घेतलं होतं.